टाकाऊतून टिकाऊ: धारावीच्या गल्ल्यांतील कलादालन

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला ऐकलेले आहेत. रिकाम्या बाटलीची फुलदाणी, आईस्क्रीमच्या काड्यांचे घर, फुटक्या बांगड्यांची चौकट अशा वस्तू त्या तासाला तयार होत, प्रदर्शनाच्या दिवशी बाकांवर मांडल्या जात आणि पुढे कपाटावर धूळ खात पडून अखेर कचऱ्यातच जात. याच कल्पनेकडे मोठ्या माणसांनी, आपल्याच वस्तीत, आपल्याच आयुष्यातील प्रश्न घेऊन पाहिले तर काय घडते, याचे एक उदाहरण आपल्या उपनगरांच्या उंबरठ्यावर, धारावीत, घडून गेले आहे. त्याची माहिती मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम मुंबईच्या रचनेविषयी थोडेसे. या शहरात कलादालन म्हटले की फोर्ट आणि काळा घोडा हा परिसर डोळ्यांपुढे येतो. जहांगीर कलादालन १९५२ साली तेथे उभे राहिले. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईतील वास्तू १९९६ मध्ये तिथून हाकेच्या अंतरावर सुरू झाली आणि १९९९ मध्ये सुरू झालेला काळा घोडा कला महोत्सवही त्याच रस्त्यांवर भरत आला. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख, तर उपनगर जिल्ह्याची ९३ लाखांहून अधिक होती. म्हणजे दर चार मुंबईकरांपैकी तिघे उपनगरांत राहतात. आता शहराचा कचरा कोठे गेला ते पाहावे. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. मुलुंडची २०१८ मध्ये बंद झाली. बोरिवलीजवळील गोराईची २००७ मध्ये बंद करण्यात आली. आणि त्यानंतर मोठा भार कांजूरमार्गावर पडला. ही चारही ठिकाणे उपनगर जिल्ह्यात आहेत. बोरिवली किंवा मुलुंडच्या धर्मग्रामस्थास चित्रे पाहावयाची असतील तर तासाभराहून अधिक लोकलप्रवास करावा लागतो. कचऱ्याचा वास मात्र त्याच्या दारापर्यंत विनासायास येत असे. मुलुंड पूर्वेच्या रहिवाशांना हे निराळे सांगावयास नको.

या दोन टोकांच्या मध्ये, माहीम आणि शीव यांच्या दरम्यान, मिठी नदीच्या काठी धारावी वसली आहे. सरकारी दप्तरात ती मुंबई शहर जिल्ह्यात मोडते. पण अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील घरांतून भंगारवाला जे पत्र्याचे डबे, प्लास्टिकच्या बादल्या, पुठ्ठे आणि बाटल्या तोलून नेतो, त्यांतील पुष्कळसा माल फिरत फिरत तेथेच पोहोचतो. त्या अर्थाने आपल्या प्रत्येकाच्या घरातील काही ना काही धारावीत जाऊन आलेले आहे.

आरोग्यसंस्थेने प्रदर्शन का भरवावे?

धारावीतील ज्या उपक्रमाविषयी आम्ही लिहीत आहोत तो एखाद्या कलासंस्थेने सुरू केला नाही. तो ‘स्नेहा’ या आरोग्यक्षेत्रातील संस्थेचा. १९९९ मध्ये या संस्थेची स्थापना करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांचे नाव आपल्या वाचकांस परिचित असेल. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात काम करीत असताना त्यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली मानली जाते. रुग्णालयात बालक वाचले तरी वस्तीत परत गेल्यावर त्याच्या वाट्याला काय येते, या प्रश्नातून पुढे ‘स्नेहा’चे कार्य उभे राहिले. माता-बालकांचे आरोग्य, पोषण आणि स्त्रियांवरील हिंसा ही या संस्थेची मुख्य कार्यक्षेत्रे होत.

आता, आरोग्याचे काम करणाऱ्यांना एक अडचण नेहमीच भेडसावते. पाहणी करावयास गेलेल्या कार्यकर्त्यापुढे लोक मोजकेच बोलतात. ‘घरात मारहाण होते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर सोपे असते, विशेषतः सासू शेजारी बसलेली असताना. व्याख्यान दिले तर माणसे ऐकतात आणि निघून जातात. याउलट, चार बायका एका कापडावर टाके घालीत दोन महिने एकत्र बसल्या तर तिसऱ्या आठवड्यात कोणी तरी बोलू लागते. हात गुंतलेले असले की जीभ मोकळी होते, हा अनुभव पापड लाटणाऱ्या, गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजी-मावशींनाही होताच.

२०१२ मध्ये या संस्थेने ‘देखा अनदेखा’ या नावाने एक प्रदर्शन भरविले. मातीकाम, कापडकाम आणि छायाचित्रण या माध्यमांतून तेथील रहिवाशांनी आपल्या आरोग्याविषयी मांडणी केली होती. त्यातून पुढची, मोठी कल्पना निघाली. २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुमारे तीन आठवडे धारावीत ‘अ‍ॅली गल्ली बिएनाले’ भरले. ‘धारावी बिएनाले’ या नावानेही ते ओळखले जाते. डेव्हिड ऑस्रिन आणि नायरीन दारूवाला हे त्याचे संचालक होते आणि वैद्यकीय संशोधनास साहाय्य करणाऱ्या लंडनच्या वेलकम ट्रस्टचा त्यास आर्थिक आधार होता.

‘बिएनाले’ हा शब्द इटालियन असून त्याचा अर्थ ‘दर दोन वर्षांनी होणारे’ असा आहे. व्हेनिस शहरात १८९५ पासून अशी प्रदर्शने भरतात आणि आपल्याकडे कोची येथे २०१२ मध्ये पहिले बिएनाले झाले. श्रीमंत संग्राहकांच्या आणि समीक्षकांच्या जगातला हा भारदस्त शब्द गल्लीच्या शेजारी नेऊन बसविण्यात आयोजकांचा थोडा खट्याळपणा होता, आणि तो आम्हांस आवडला. ‘अ‍ॅली’ म्हणजे इंग्रजीत गल्लीच.

काम मात्र गंभीरपणे झाले. प्रदर्शनापूर्वी बराच काळ ‘आर्ट बॉक्स’ या नावाने कार्यशाळा चालल्या. प्रत्येक कार्यशाळेत आरोग्याचा एखादा विषय घेऊन बाहेरचे कलावंत आणि धारावीचे रहिवासी एकत्र काम करीत. तयार झालेल्या कलाकृती वस्तीतच मांडण्यात आल्या. पाहावयास येणाऱ्याला गल्ल्यांतून वाट काढीतच त्यांच्यापर्यंत जावे लागे, आणि त्या वाटेवर चाललेले काम पाहिल्यावाचून त्याची सुटका नसे. वस्तीतली बाई ज्या रस्त्याने पाणी भरावयास जाते त्याच रस्त्यावर तिने स्वतः केलेली कलाकृती लागलेली आहे, हे काचेच्या दरवाजामागच्या शांत दालनात घडू शकत नाही.

भंगाराचे ज्ञान

टाकाऊ साहित्य या प्रदर्शनात का आले, हे समजण्यासाठी धारावीचे ‘तेरा कंपाउंड’ ठाऊक असावयास हवे. हा भंगाराच्या धंद्याचा गाभा. येथे प्लास्टिक येते ते गोणीत, सगळे मिसळलेले. त्याची प्रतवारी हाताने होते. आपल्याला बादली, खुर्ची आणि शाम्पूची बाटली हे सारे ‘प्लास्टिक’ दिसते; निवडणाऱ्याच्या दृष्टीने ते वेगवेगळे पदार्थ आहेत आणि एकत्र वितळविले तर संपूर्ण माल वाया जातो. तुकडा वाकवून तो मोडतो की लवतो, मोडताना आवाज कसा येतो, पाण्यात तरंगतो की बुडतो, जाळला तर धुराचा वास कसा येतो, यांवरून जात ठरते. मग रंग वेगळे करावयाचे. मग यंत्रात तुकडे, मग धुणे, मग छपरावर वाळविणे, मग वितळवून त्याचा ‘दाणा’. हा दाणा कारखान्यात जातो आणि पुन्हा बादली होऊन आपल्या न्हाणीघरात येतो. तेलाचे डबे स्वच्छ करून, पोचे काढून पुन्हा बाजारात जातात; खोके उलटे दुमडून नवे केले जातात.

हे सारे वर्णन करताना त्यातील दाहकताही सांगितली पाहिजे. जळत्या प्लास्टिकचा धूर छातीत जातो. पत्र्याने बोटे कापतात. रुग्णालयातून आलेली सुई गोणीत केव्हा लागेल याचा नेम नसतो. धारावीच्या ‘उद्योजकते’चे कौतुक करणारे लेख आम्ही पुष्कळ वाचले आहेत, त्यांत खोकल्याचा उल्लेख क्वचित आढळतो. या उपक्रमाचे मोल आम्हांस वाटते ते याच ठिकाणी. तो आरोग्यसंस्थेचा असल्यामुळे भंगार हा तेथे सजावटीचा विषय राहिला नाही. ज्या वस्तूंमुळे पोट भरते आणि ज्यांच्यामुळे फुप्फुस बिघडते, त्या वस्तूंच्या सहवासातच आरोग्याविषयी बोलले जात होते.

टाकाऊ साहित्यातून काम करणाऱ्याला रंगाच्या डब्यातून हवा तो रंग घेता येत नाही. त्या दिवशी गोणीत जे आले असेल त्यातूनच निवड करावी लागते. कॅनव्हासवर काम करणारा आधी कल्पना करतो आणि मग साहित्य आणतो. येथे साहित्य आधी येते आणि कल्पनेला त्याच्या मागून जावे लागते. शिवाय प्रत्येक वस्तूला पूर्वायुष्य असते. औषधाची रिकामी पट्टी कलाकृतीत बसविली तरी ती औषधाची पट्टीच राहते. पाहणाऱ्याला आजारपण आठवतेच. तांत्रिक अडचणीही कमी नाहीत. निरनिराळ्या जातीच्या प्लास्टिकला एकच डिंक धरत नाही, म्हणून तारेने बांधणे, भोक पाडून शिवणे, खिळ्याने ठोकणे असे उपाय करावे लागतात. पत्रा पहिल्या पावसातच गंजतो. ज्याने आयुष्यभर हा माल हाताळला आहे त्याला हे सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच अशा कामात शिकविणारा कोण व शिकणारा कोण, याची अदलाबदल होते.

या उपक्रमातील ‘मॅपिंग द हर्ट’, म्हणजे ‘वेदनेचा नकाशा’, या कामाचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. धारावीतील स्त्रियांनी वस्तीचा नकाशा कापडावर शिवला आणि स्त्रियांवर कोठे कोठे हिंसा होते ते त्यावर टाक्यांनी दाखविले. पोलीस ठाण्याच्या नोंदीत जे येत नाही ते सुईदोऱ्याने आले. महाराष्ट्रातील घराघरांत जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी शिवली जाते. ‘वाकळ’ म्हणा, ‘गोधडी’ म्हणा, जीर्ण वस्त्रांतून नवे पांघरूण करण्याची ही कला आपल्या बायकांनी कलादालनाची वाट न पाहता शतकानुशतके जोपासली. तिच्या टाक्यांत कधी कोणाचे दुःख शिवले गेले असेल तर ते कोणी वाचले नाही, इतकेच. वेदनेचा नकाशा लोकांनी उभे राहून वाचला.

त्याच्या पुढच्या वर्षी, २०१६ च्या फेब्रुवारीत, धारावीत आणखी एक प्रयोग झाला. स्पॅनिश कलावंत होर्हे मान्येस रुबिओ आणि नेदरलँड्समधील आमांडा पिनाटी यांनी ‘डिझाइन म्युझियम धारावी’ नावाचे छोटेसे संग्रहालय तयार केले. ते चाकांवरचे होते, गल्लीबोळांतून ढकलीत नेता येईल असे. त्यात धारावीच्या कारागिरांनी घडविलेल्या, रोजच्या वापरातील वस्तू मांडल्या होत्या. आयुष्य थोडे, सुमारे दोन महिन्यांचे. पण ज्या वस्तीत संग्रहालयासाठी एक खोली मोकळी मिळणे कठीण, तेथे भाजीच्या गाडीसारखे संग्रहालय फिरविणे ही सूज्ञ तडजोड होती. याच वस्तीत ‘अ‍ॅकॉर्न’ या संस्थेने कचरा वेचणाऱ्या मुलांना घेऊन प्लास्टिकची पिंपे आणि रंगाचे रिकामे डबे बडवून संगीत निर्माण करणारे ‘धारावी रॉक्स’ हे पथकही उभे केले होते.

कोणाचे दालन?

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. टाकाऊ वस्तूंची कला जगात नवी नाही. पिकासोने १९४२ मध्ये सायकलचे खोगीर आणि हँडल जोडून बैलाचे मस्तक केले, ते जगप्रसिद्ध आहे. आपल्याकडे विवान सुंदरम यांनी २००८ च्या सुमारास ‘ट्रॅश’ या मालिकेसाठी दिल्लीतील कचरावेचकांच्या मदतीने कचऱ्याचे एक अवाढव्य शहरच रचले. ही कामे थोर आहेत. तरीही त्यांच्या खाली सही एका कलावंताची आहे आणि ती पाहण्यासाठी दालनात जावे लागते. अंधेरीच्या वाचकांना आणखी जवळचे उदाहरण ठाऊक असेल. सहार गावाला लागून असलेल्या विमानतळाचे नवे टर्मिनल २०१४ मध्ये सुरू झाले, तेव्हा राजीव सेठी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे ‘जय हे’ हे कलासंग्रहालय मांडण्यात आले. देशभरातून आणलेले जुने दरवाजे, खिडक्या, नक्षीदार लाकडी भाग यांनी सजलेली ती सुमारे तीन किलोमीटरची कलाभिंत खरोखर पाहण्याजोगी होती. पण ती पाहावयास विमानाचे तिकीट हवे. धावपट्टीच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सहारच्या गावकऱ्याला त्या भिंतीपर्यंत चालत जाता येत नव्हते.

सामान्य माणसाने भंगारातून उभ्या केलेल्या कलेचे सर्वांत मोठे भारतीय उदाहरण म्हणजे चंडीगढचे ‘रॉक गार्डन’. नेकचंद सैनी हे सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते निरीक्षक. फाळणीनंतर ते इकडे आलेले. नवे शहर उभारण्यासाठी जी गावे पाडली गेली, त्यांच्या मोडतोडीतून त्यांनी फुटक्या कपबश्या, बांगड्या, फरशा, विजेची भांडी वेचली आणि १९५७ पासून सरकारी जंगलातील एका दरीत, कोणालाही न सांगता, माणसे, प्राणी, पक्षी घडविले. सुमारे १८ वर्षांनी अधिकाऱ्यांना त्याचा सुगावा लागला. बांधकाम बेकायदेशीर होते. ते पाडता आले असते. सुदैवाने १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. नेकचंद २०१५ मध्ये निवर्तले. पाडलेल्या गावांची भांडी आज त्या नव्या शहराची ओळख होऊन बसली आहेत, ही गोष्ट पुढील परिच्छेदांच्या संदर्भात ध्यानात ठेवावी.

आपल्या उपनगरांतही जुन्याचे नवे करण्याची परंपरा आहे, आणि ती आपल्या चर्चच्या भिंतींतच आहे. अंधेरीच्या सीप्झ वसाहतीत जे संत जॉन द बाप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष उभे आहेत ते १५७९ मध्ये येशूसंघीयांनी बांधलेल्या मंदिराचे. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे ते सोडून मरोळ येथे नवे चर्च उभारावे लागले. त्या वेळी जुन्या चर्चचे खांब, वेदी, पुतळे आणि स्नानसंस्काराचे कुंड नव्या वास्तूत नेण्यात आले. त्या धर्मग्रामस्थांनी ते काटकसर म्हणून केले की ज्या कुंडात आपल्या बापजाद्यांचा स्नानसंस्कार झाला ते मागे सोडवेना म्हणून केले, हे आपण आपल्या मनाशी ठरवावे.

नाताळच्या गव्हाणीविषयीही दोन शब्द. ऑर्लेमपासून आय. सी. कॉलनीपर्यंत अनेक ठिकाणी तरुणमंडळी टाकाऊ साहित्यातून गव्हाणी करतात आणि त्यांच्या स्पर्धाही होतात. हेतू स्तुत्य आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून तर ते आवश्यकच झाले. परंतु ‘टाकाऊ’ दिसावे म्हणून बाजारातून नवे कोरे कागदी पेले आणि स्ट्रॉ विकत आणून केलेल्या गव्हाणी आम्ही पाहिल्या आहेत. हा प्रकार हास्यास्पद आहे. गव्हाणी सुटल्यावर तिचे साहित्य कोठे जाणार, आणि ते वेगवेगळे करून देणार कोण, हा प्रश्न स्पर्धेच्या परीक्षकांनी एकदा विचारून पाहावा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात ‘फेकून देण्याच्या संस्कृती’विषयी लिहिले, तेव्हा वस्तूंबरोबर माणसांनाही टाकाऊ ठरविण्याच्या वृत्तीकडे त्यांनी बोट दाखविले होते. धारावीचे प्रदर्शन त्याच वर्षीचे.

आता धारावीतच मोठी उलथापालथ चालू आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटी रुपयांची निविदा सर्वोच्च ठरली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने पुनर्विकासाचे काम त्या समूहाकडे सोपविले. पात्र ठरणाऱ्या कुटुंबांना धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर मिळावयाचे आहे. जे अपात्र ठरतील त्यांच्या घरांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन मंजूर केली. पाठोपाठ देवनारच्या कचराभूमीपैकी सुमारे १२४ एकर जागाही देण्याचे ठरले. मुलुंडमध्ये या निर्णयाला विरोध झाला. पाणी, रस्ते, लोकलगाड्यांतील गर्दी आणि मिठागरांचे पर्यावरण याविषयीची तेथील नागरिकांची चिंता खोटी नाही. पण सभांतून ‘ते लोक आमच्याकडे नकोत’ अशी भाषा जेव्हा आम्ही ऐकतो, तेव्हा आपल्या घरातील फुटकी बादली नेणारा हात त्यांच्यापैकीच कोणाचा तरी होता, हे बोलणाऱ्यास ठाऊक आहे की नाही असा प्रश्न पडतो.

घर मिळाले तरी काम कोठे करावयाचे, हा तेरा कंपाउंडपुढचा प्रश्न त्याहून बिकट आहे. प्लास्टिक वाळविण्यासाठी छप्पर लागते, गोण्या उतरविण्यासाठी रस्त्याला लागून जागा लागते, आणि निवडणारा, तुकडे करणारा, दाणा पाडणारा हे सारे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे लागतात. पंधराव्या मजल्यावर यांतील काहीच जमत नाही. प्रदूषण करणारे उद्योग नव्या धारावीत ठेवण्याचे धोरण नाही. धुराचा विचार करता ते गैर म्हणता येत नाही. परंतु धूर थांबविणे आणि प्रतवारी करणाऱ्यांचे ज्ञान विखरून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या धंद्याला धुरांडे, हातमोजे आणि पक्की जागा देऊन सुधारावयाचे, की तो शहराबाहेर भिवंडीकडे वा आणखी पलीकडे ढकलावयाचा, याचा निर्णय अजून कागदावर आहे. देवनारला शहराचा कचरा ९० वर्षांहून अधिक काळ साठत आला. ज्यांनी आयुष्यभर त्या कचऱ्यातून कामाचे ते वेचून काढले, त्यांच्यापैकी काहींच्या घरांसाठी आता तीच जमीन मोजली जात आहे.